कागदी विमानाच्या नाकावरचं कुंकू

ये, अशी जवळ सरक. लांबून ओरडून सांगण्यातली ही गोष्ट नाही. पण आधी तुला बोलून घेणार आहे मी. मावशी आहे तुझी, तेवढा हक्क आहे की. एवढ्या कष्टानं काढलेला विमानाचा फोटो तुला पाठवला, तर तू काय केलंस? पिवळा अंगठा पाठवलास. आमच्याकडं अंगठा दाखवला की माणसं भांडायला उठतात, तुमच्याकडं त्याला कौतुक म्हणतात. असू दे. पण मग चार दिवसांनी विचारतेस, "मावशी, विमानाच्या नाकावर लाल काय लागलंय? कॉम्प्युटरवर पुसून देऊ का?"

पुसू नकोस बाई. हात लावू नकोस त्याला. ते लाल कुठनं आलं ते सांगायलाच तर मी लिहायला बसलेय. फोनवर तू नुसतं "हं, हं" करतेस आणि मागं तुझी भांडी वाजत असतात. लिहिलेलं तरी एका जागी बसून वाचशील.

तुझ्या काकांचं काम तुला आठवतं का? लहानपणी मे महिन्यात आमच्याकडं यायचीस तेव्हा ते अजून कामावर जात होते. चादरीवर मोर उठतो, वेलबुट्टी उठते, ती मागावर आपोआप येत नाही. आधी नक्षी बारीक चौकटींच्या कागदावर काढतात. मग एकेक चौकट वाचत पुठ्ठ्याच्या लांब पट्ट्यांना भोकं पाडतात आणि त्या पट्ट्यांची माळ मागाच्या डोक्यावर चढवतात. भोक असेल तिथला दोरा उचलला जातो, नसेल तिथला खाली राहतो. तुझ्या काकांनी जन्मभर ती भोकं पाडली. एक भोक चुकलं तर चादरीभर सगळे मोर आंधळे निघायचे. "मोरांचे डोळे राखता राखता ह्याचे डोळे गेले," असं आमच्या वन्सं म्हणतात. म्हणजे काकांची थोरली बहीण, अक्कलकोटला असतात त्या. त्या पुढं येणारच आहेत. त्या आल्याशिवाय ही गोष्ट पुरी होत नाही.

पुढं मागांना कॉम्प्युटर जोडले आणि पट्ट्यांचं काम बंद पडलं. टाकून द्यायच्या पट्ट्यांचे गठ्ठे काकांनी रिक्षात घालून घरी आणले. मी म्हणाले, "हे काय चुलीत घालायचं?" तर म्हणाले, "पुठ्ठा चांगलाय." एवढंच. मग वर्षभर ते गठ्ठे पलंगाखाली पडून होते आणि हे पलंगावर. काम गेलेला माणूस घरात कसा फिरतो, ते तुला कळायचं नाही. भांड्यांवर भांडी नीट लावतो, नळाचा वायसर बदलतो, न बिघडलेलं घड्याळ उघडून ठेवतो.

शेजारच्या मास्तरांनी एकदा नातवासाठी इंटरनेटवरनं कागदी विमानाचे नकाशे छापून आणले होते. नातवाला कंटाळा आला, कागद आमच्याकडं आले. कापायचं, दुमडायचं, चिकटवायचं. काकांनी ते विमान केलं आणि पोटात आधाराला पट्टीचा पुठ्ठा घातला. तेव्हापासून आमच्या सगळ्या विमानांची हाडं चादरीच्या पट्ट्यांची आहेत. पंख उजेडासमोर धरला की आतनं भोकांची नक्षी दिसते. कुठला तरी मोर असतो तो.

साधी, माणसं नेणारी विमानं आम्ही करत नाही. काकांना आवडतात ती जुनी, एखादी गोष्ट करून बघायला बांधलेली. पंख उलटे पुढं वळवले तर उडेल का? पंखच नसले तर उतरता येईल का? आवाजापेक्षा जोरात गेलं तर मोडेल का? अशी एकेक शंका घेऊन एकेक विमान बांधलेलं, कुठं एकच, कुठं दोन. त्यातली कितीतरी पडली, आतली माणसं गेली. काही धड उडलीच नाहीत. "पण त्यांना विचारल्याशिवाय पुढच्यांना कळलं नसतं," काका म्हणायचे. घरात कुणाविषयी एवढ्या मायेनं बोलताना मी त्यांना ऐकलं नव्हतं.

मी कशी आले यात, ते सांगते. मी सातवीपर्यंत शिकलेली, जन्म ब्लाउज शिवण्यात गेला. एकदा काका विमानाचं नाक करत बसले होते. सपाट कागदाचा निमुळता गोल व्हायला पाहिजे, तर तो कुठं फुगत होता, कुठं दबत होता. मी भाजी निवडता निवडता म्हणाले, "अहो, ती बाही आहे. बाहीला जसा ढिलावा देतो तसा द्या, आणि हितं टक घ्या." त्यांनी कागद माझ्याकडं सरकवला. त्या दिवसापासून आमची वाटणी ठरली. कापायचं त्यांनी, वळवायचं आणि चिकटवायचं मी. संपलेल्या रिफिलीनं दुमडीच्या रेघा ओढायच्या त्यांनी, कापलेल्या कडा रंगवायच्या मी, नाहीतर पांढरी कड दिसते आणि विमान कागदाचं आहे हे उघडं पडतं. नाकात भाजलेले चिंचोके भरायचे मी. का, विचार. मागचं वजन जास्त झालं तर विमान शेपटीवर बसतं, रुसलेल्या पोरासारखं.

आणि फोटो काकांचे. त्यात माझा हात नाही.

आधी गच्चीवर काढायचे, आभाळ मागं घेऊन. पण मग त्यांना कळलं की ही विमानं खरी उतरायची ती वाळलेल्या तलावावर. अमेरिकेत कुठंतरी अशी मोठी तळी आहेत, पाणी आटलं की मैलोन्‌मैल सपाट जमीन. ते वाचून हे खूश. म्हणाले, "आपल्याकडं हिप्परग्याचा तलाव काय वाईट आहे?" उन्हाळ्यात पाणी आत सरकलं की आम्ही निघायचो. साडीच्या खोक्यात विमान, पिशवीत कॅमेरा, आणि ज्वारीची एक पुरचुंडी. जमिनीलगत कॅमेरा ठेवायचा तर खाली काहीतरी मऊ लागतं. ज्वारीत तो छान बसतो, हलत नाही.

पण तिथंही एक मेख आहे. वाळलेल्या गाळाला भेगा पडतात. माणसाला त्या भेगा, पण हातभर विमानाशेजारी त्या दऱ्या दिसतात. फोटो बघणाऱ्याला लगेच कळतं की हे खेळणं आहे. म्हणून पाणी नुकतंच सरकलंय अशा कडेला जायचं, तिथं गाळाचा पातळ थर वाळून पापडासारखा तडकलेला असतो, नखाएवढ्या खपल्या. त्या खपल्यांवर विमान ठेवलं की खऱ्या मैदानावर उतरल्यासारखं वाटतं. काका मान खाली घालून तलावभर हिंडायचे, बारीक भेगा शोधत. गुराखी विचारायचे, "आजोबा, काय हरवलंय?" काका म्हणायचे, "सापडलंय. जरा म्हशी तिकडनं घ्या."

आता डोळ्यांचं सांगते.

मागच्या हिवाळ्यात काकांनी एक नवा नकाशा छापायला दिला. पांढरंशुभ्र विमान, पंख आखूड, आणि नाक सुईसारखं लांब, इतकं लांब की निम्मं विमान नाकच. ते विमान म्हणे आवाजाच्या दुप्पट वेगानं जायला बांधलं होतं, पण इंजिनं कमी पडली आणि त्याला ते कधी जमलंच नाही. त्याच्यावरनं शिकून पुढची केली. काकांच्या मनात ते कधीपासून होतं. कागद आणले, पट्टी लावली, आणि एकदम भडकले. "ह्या झेरॉक्सवाल्यानं रेघ वाकडी छापलीय!"

मी बघितलं. रेघ सरळ होती. मी म्हणाले, "अहो, सरळ आहे की." तर माझ्यावरच ओरडले, "जन्मभर रेघाच बघितल्यात मी!" तसेच कागद घेऊन दुकानात गेले. दुकानदार बिचारा पट्टी लावून दाखवतोय, "काका, बघा, पट्टीला लागून आहे," आणि हे म्हणतायत, "तुझी पट्टी वाकडी." परत आले ते दुसऱ्या दुकानातनं छापून. त्यातली पण रेघ वाकडी. एक डोळा हातानं झाकला, मग दुसरा. मग पट्टी खाली ठेवली आणि मला म्हणाले, "चहा टाक."

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं. डोळ्याच्या आतल्या पडद्याचा मधला भाग झिजतोय. डाव्याचा गेल्यात जमा, उजव्याचा चाललाय. इंजेक्शनं देऊ, त्यानं वेग कमी होईल, गेलेलं मात्र परत येत नाही. कडेचं दिसणं राहील, घरात हिंडता-फिरता येईल. पण बारीक काम, वाचणं, समोरच्याचा चेहरा, हे हळूहळू जाईल. मग त्यांनी एक कागद दिला, बारीक चौकटींचा, मध्ये ठिपका. रोज एकेक डोळा झाकून ठिपक्याकडं बघायचं आणि कुठल्या चौकटी वाकड्या दिसतात ते बघत जायचं.

काकांनी तो कागद हातात घेतला आणि चौकटींवरनं अंगठा फिरवत राहिले. चौकटींचाच कागद गं. आयुष्यभर जो वाचला तोच. रिक्षात बसल्यावर म्हणाले, "मधल्या चौकटी कुणीतरी पुसल्यात. कडेच्या ठेवल्यात." मी त्यांचा हात धरला. सोलापुरात आमच्या वयाची माणसं रस्त्यात हात धरत नाहीत. त्या दिवशी धरला.

घरी आल्यावर त्यांनी एकच गोष्ट मागितली. "हे पांढरं विमान मी कापणार. आणि तलावावर फोटो मी काढणार. त्याच्यानंतर डोळ्यांनी काय करायचं ते करू दे."

आता तू म्हणशील, एवढंसं कागदाचं विमान. मीही तेच म्हणाले असते. पण मी बघत होते ना रोज. माणसाचं एक काम आधीच काढून घेतलं होतं, हे दुसरं निघालं होतं. जाणारं जाणारच होतं, पण जाताना त्याच्या हातानं दार लावायला मिळतंय का, एवढाच प्रश्न होता.

मग सुरू झालं. समोर ठेवलेलं त्यांना दिसायचं नाही, म्हणून कागद उजव्या अंगाला धरायचे आणि मान कावळ्यासारखी तिरकी करायचे. कापताना बोटानं आधी दुमडीची चर चाचपायची, मग ब्लेड तिच्या कडेनं. जिथं चुकायचं तिथं थांबायचे, मला विचारायचे, "गेलं का बाहेर?" मी म्हणायचे, "केसभर." मग तो भाग परत. मला एकदा राहवलं नाही, म्हणाले, "द्या, मी कापते एवढं." त्यांनी ब्लेड खाली ठेवलं. "उद्या माझा घासही तूच चावशील." मी उठून स्वयंपाकघरात गेले, भात उतू गेला नव्हता तरी.

नाक मी केलं. तसलं नाक मी परत करणार नाही. विणायच्या सुईवर कागद गुंडाळायचा, ओला नाही, कोरडाच, तळहातावर घोळवत घोळवत, कड कडेला अशी भिडवायची की जोड कुठं आहे ते बोटाला कळू नये. पहिलं फाटलं, दुसरं वाकलं. शेवटचं जमलं तेव्हा काकांनी त्याच्यावरनं बोट फिरवलं, मुळापासून टोकापर्यंत, परत टोकापासून मुळापर्यंत. "जोड कुठंय?" म्हणाले. मी सांगितलं नाही.

उन्हाळा संपत आला होता. तलावाची कड दिवसेंदिवस आत गेली होती, आणि आभाळात दुपारचे ढग जमायला लागले होते. एक वळीव पडला की गाळ भिजणार, बारीक खपल्या जाणार, आणि मग पुढच्या उन्हाळ्यापर्यंत वाट. पुढच्या उन्हाळ्यात काकांचा उजवा डोळा कुठं असेल ते डॉक्टरीणबाईंनाही सांगता येत नव्हतं. म्हणून विमान पुरं झाल्याबरोबर ठरवलं, उद्या सकाळीच जायचं.

आणि त्याच संध्याकाळी अक्कलकोटहून वन्सं आल्या.

त्यांचं येणं तुला माहीत आहे. पिशवीत शेंगाचटणी, कडक भाकरी, मठातला अंगारा, आणि तोंडात निम्मं कन्नड, निम्मं मराठी. काकांना अजून "तम्मा" म्हणतात, म्हणजे धाकटा भाऊ. आल्या आल्या भावाच्या तोंडासमोर हात हलवून बघितला, "तम्मा, किती बोटं?" काका म्हणाले, "अक्का, बोटं दिसत नाहीत, पण बांगड्यांवरनं तूच आहेस हे कळतंय." हसल्या, आणि हसता हसता पदर डोळ्याला लावला.

सकाळी मी डबा भरत होते, काका आंघोळीला गेले होते. विमान टेबलावर होतं. वन्संनी देवपूजा केली आणि ताम्हण घेऊन बाहेर आल्या. त्यांचं काय चुकलं सांग? घरात सायकल आली, शिवणयंत्र आलं, गॅस आला, पिठाची गिरणी आली, प्रत्येकाला त्यांनीच कुंकू लावलंय. नवी वस्तू, त्यात गाडी, त्यात विमान, आणि आज पहिल्यांदा बाहेर निघालेलं. पंखांवर त्यांनी विभूतीची बोटं ओढली. ती पांढऱ्यावर पांढरी, कुणाला दिसलीही नसती. मग हळदीकुंकवाच्या कोयरीत बोट बुडवलं. ओलं बोट. आणि बरोब्बर नाकाच्या टोकावर टेकवलं.

मी वळले तेव्हा त्या लिंबू शोधत होत्या. "अगं, चाकाखाली ठेवायला लिंबू कुठाय?" चाक मुगाएवढं, लिंबू विमानाच्या पोटाहून जाड.

"वन्सं!" माझा आवाज असा निघाला की त्यांच्या हातातलं ताम्हण हललं. "काय केलंत? कागद आहे तो!"

"मग? कागदाचं असलं म्हणून काय झालं? देवाचा फोटो पण कागदाचाच असतोय की."

"देवाच्या फोटोला काच असते!"

मी फडक्याचं टोक टेकवलं, तर लाल आणखी पसरलं. कागद ओल पितो गं. कुंकू टोकावरनं आत शिरत गेलं आणि नाकाचा शेंडा मऊ पडला. एवढे दिवस घोळवलेलं नाक. काही सुचेना मला. वन्संना तेव्हा कळलं. त्या खुर्चीवर बसल्या आणि एकदम म्हाताऱ्या दिसायला लागल्या. "अय्यो शिवा," म्हणाल्या, "मी पुसते. मी खडूनं पांढरं करते. तम्माला सांगू नकोस."

काका दारात उभे होते. टॉवेल खांद्यावर. "काय सांगू नकोस?"

ते टेबलाशी आले, हात पुढं केला, नाकावरनं बोट फिरवलं, आणि टोकाशी थांबले. ओल लागली. बोट नाकाशी नेऊन वास घेतला. "कुंकू," म्हणाले.

मला वाटलं आता ओरडतील. झेरॉक्सवाल्यावर ओरडले होते, तसे. पण ते खुर्ची ओढून बसले, बहिणीच्या शेजारी. नळाखाली बादली भरून वाहत होती, नळ बंद करायला कुणी उठेना.

"नाक नवीन करू," मी म्हणाले.

"कधी? तू नाक करशील, पण त्याचा कागद कापायचा कुणी? आता ती रेघ मला चाचपून पण सापडत नाही." हे त्यांनी मला पहिल्यांदा सांगितलं. नाकाचा शेवटचा कागद कसा कापला होता, देव जाणे.

"तम्मा," वन्सं म्हणाल्या, "तुझी पहिली सायकल आली तवा मीच कुंकू लावलं होतं. तू तिच्यावरनं पडलास, तरी म्हणालास, अक्कानं लावलंय म्हणून हाडं वाचली."

"व्हय," काका म्हणाले. मग उठून, "रिक्षा बोलवा. जाऊन येऊ."

"असंच?" मी विचारलं.

"असंच. वाळेल वाटेत."

मला खरं सांगायचं तर त्यांनी आशा सोडली होती असं वाटलं. ठरलंय म्हणून जायचं, एवढंच. रिक्षात वन्सं मांडीवर ज्वारीची पुरचुंडी घेऊन बसल्या, एक शब्द नाही. त्या बाई गप्प बसलेल्या मी त्याआधी बघितल्या नव्हत्या.

तलावाच्या कडेला बारीक भेगा मी शोधल्या. माझी पहिलीच वेळ. काका माझ्या खांद्यावर हात ठेवून मागं चालत होते आणि विचारत होते, "केवढ्या?" मी म्हणायचे, "तळहाताएवढ्या." "नाही, पुढं चल." "रुपयाएवढ्या." "पुढं." अगदी पाण्याजवळ, पाय किंचित रुतत होते तिथं, खपल्या सापडल्या, नखाएवढ्या. मी विमान ठेवलं. चाकांवर उभं राहिलं, शेपटीवर बसलं नाही. समोर जुनी चादर अंथरली, काका तिच्यावर पालथे झाले, ज्वारीवर कॅमेरा ठेवला आणि डोळा लावला.

बराच वेळ गेला.

"दिसत नाही गं," ते म्हणाले. आवाज अगदी साधा. "वाळलेला गाळ पांढरा, विमान पांढरं. सगळं एकच झालंय."

मी म्हणाले, "मी सांगते. जरा डावीकडं. थोडं वर."

"तू सांगून काय उपयोग? मला दिसायला पाहिजे ना."

उन्हं वर चढत होती. सकाळची लांब सावली आखडायला लागली की फोटो मरतो, हे मला ठाऊक होतं. वन्सं माझ्या मागं उभ्या होत्या, त्यांचं नमः शिवाय चाललेलं ऐकू येत होतं. काकांनी कॅमेरा थोडा फिरवला, मान तिरकी केली, परत फिरवला. चित्र साफ दिसावं म्हणून फिरवायचं भिंगाचं कडं बोटानं इकडून तिकडं नेलं. मी विचार करत होते, आता हे उठतील आणि म्हणतील, चला घरी. आणि घरी जाऊन पलंगावर पडतील, त्या वर्षासारखे.

"थांब," म्हणाले. "बोलू नको."

मी बोलत नव्हते.

"लाल दिसतंय."

वन्संचं नमः शिवाय थांबलं.

"कडेला, असं बघितलं की. लाल ठिपका. तेच टोक ना? तिथनं मागं विमान असणार." बोटानं कडं हळूहळू फिरवत राहिले. "ठिपका फुटतंय, पुसट होतंय... अजून फुटतंय... आता कड बसली." आणि कॅमेऱ्याचा आवाज आला.

वन्संनी माझं मनगट धरलं. "काय म्हणाला? लाल म्हणाला? मग मी बरोबरच लावलं म्हण की!"

"अक्का," काका पालथेच म्हणाले, "बाजूला हो. विमानावर तुझी सावली पडलीय."

त्या अशा लगबगीनं बाजूला झाल्या की चप्पल गाळात राहिली. काकांनी आणखी काढले. प्रत्येक वेळी आधी लाल शोधायचे, ते सापडलं की कडं फिरवायचे. मग कॅमेरा माझ्या हातात दिला, हळूच, भरलेली वाटी द्यावी तसा, आणि तसेच चादरीवर डोकं टेकून पडून राहिले. उठायला हात देऊ का, विचारलं. म्हणाले, "जरा वेळ."

दोनतीन दिवसांत वळीव आला. ती जागा आता पाण्याखाली आहे.

घरी फोटो मोठा करून छापून आणला. काकांनी तो उजव्या अंगाला धरला, खालीवर केला, आणि मला दिला. "सांग." मग मी सांगितलं. नाक समोर आलंय, टोकाचं कुंकू स्पष्ट आहे, त्याची फिस्कटलेली कडसुद्धा. मागं पंख जरा धूसर. खपल्या जमिनीसारख्या दिसतात, खेळणं वाटत नाही. पलीकडं पाण्याची एक रेघ.

"रेघ सरळ आहे का?"

खोटं बोलले असते तर त्यांना कळणार नव्हतं. "जरा डावीकडं कललीय," मी म्हणाले.

"असू दे," म्हणाले. "तलावच तिरका आहे म्हणायचं."

तर असं आहे ते लाल. तेवढ्यासाठी म्हणते, पुसू नकोस. ज्यानं फोटो काढला त्याला त्यातलं तेवढंच दिसलं होतं.

आता उजवा डोळाही उतरलाय. आमच्याकडं येणारी माणसं अगदी त्यांच्या समोर खुर्ची ओढून बसतात आणि मोठ्यानं बोलतात, जणू कान गेलेत. समोर बसलेलं माणूस त्यांना दिसतच नाही, मध्ये नुसता डाग असतो. मला शिकायला वेळ लागला, पण शिकले. चहा द्यायला गेले की उजव्या अंगाला उभी राहते, थोडी मागं. मग ते म्हणतात, "आज हिरवी साडी नेसलीस."

तुझा चेहरा त्यांनी नीट बघितला तो तुझ्या लग्नात. त्यानंतर तू फोनच्या काचेत, नखाएवढी. आम्हाला पोरबाळ नाही, मे महिन्यात येणारी तूच होतीस, कागदाच्या भिरभिऱ्यावर फुंकर घालत बसायचीस. परवा विचारत होते, ती आता कशी दिसते गं, आईवर गेली का? मी म्हणाले, येईल तेव्हा बघा. आणि मग मलाच कसंतरी झालं.

म्हणून ये. काही आणू नकोस, पेढे तर नकोच, साखर वाढलीय दोघांची. आलीस की आधी त्यांच्या उजव्या बाजूला, खिडकीपाशी बस. समोर बसू नकोस. लाल नाहीतर पिवळी ओढणी घे, ठळक रंग त्यांना अजून कळतात. आणि दिवाळीला येते म्हणू नकोस, दिवाळी लांब आहे. त्याच्या आधी ये.